कमी चाललेल्या गाडीचे देव्हारे

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतो? गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीपाळखीच्या पाच-सहा जणांबरोबर मी अशा गाड्या बघायला गेलो आहे आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, "किती चाललीय?" समोरचा "फक्त तीस हजार" म्हणाला की आमचा माणूस निम्मा विरघळलाच. मग गाडीभोवती एक प्रदक्षिणा, पत्र्यावर टिचकी, दरवाजा दोनदा उघडून लावणे, आणि बॉनेट उघडायचे ते केवळ रीत म्हणून. आत काय आहे हे कोणालाच बघायचे नसते. सौदा मनातल्या मनात आधीच ठरलेला असतो.

मला या प्रश्नाचाच राग आहे. छोट्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाविषयी सर्वांत कमी सांगणारी गोष्ट कुठली असेल तर ती हा किलोमीटरचा आकडा. इंजिन कुठल्या घराण्यातले आहे, त्याचे ऑइल कोणी आणि कधी बदलले, आणि उद्या काही झाले तर ते उघडून पुन्हा नीट बसवणारा माणूस आपल्या गावापासून किती लांब आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे. लग्न जुळवताना आपण पाच पिढ्यांची चौकशी करतो, आणि दोन-अडीच लाख मोजून घरात आणायच्या यंत्राची एका आकड्यावर पारख करतो!

नेहमीच्या वाचकांना वाटेल की सप्ताह, जागर आणि हौशी नाटके सोडून हा माणूस आज गॅरेजात कसा शिरला. पण जुनी गाडी हा आपल्याकडे चैनीचा विषय राहिलेलाच नाही. फोंड्याच्या बाजूला देवळाच्या मांडवातले नाटक रात्री एक वाजता संपते तेव्हा घरी परतायला बस असते काय? सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांना तर संध्याकाळी सात-आठनंतर बस नाहीच. आईला रात्री दम लागला तर बांबोळीला गोमेकॉत कसे न्यायचे, हा प्रश्न ज्या घरात उभा राहतो त्या घरात जुनी ऑल्टो किंवा वॅगन-आर येते. ती पतसंस्थेच्या कर्जावर येते आणि छत्तीस हप्ते घेऊन येते. नवी गाडी घेणाऱ्याला वॉरंटी असते. जुनी घेणाऱ्याला फक्त त्याची अक्कल असते, आणि तीही तो घरी ठेवून जातो.

आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. बार्देशातल्या एका बंद घराच्या पोर्चमध्ये उभी असलेली सात वर्षांची गाडी त्याने घेतली. चाललेली बावीस हजार किलोमीटर. मालक परदेशात, चावी शेजाऱ्याकडे, रंग असा की तोंड दिसावे. गाडी दाखवणारा एजंट कोंकणीत म्हणाला, "पात्रांव, भांगर!" म्हणजे सोने. चार महिन्यांनी पर्वरीचा चढ चढताना ती तापली आणि हेड गॅस्केट गेले. मेकॅनिकने इंजिन उघडून दाखवले तेव्हा रेडिएटरमध्ये तांबडा गाळ, रबरी होज लाकडासारखे कडक, आणि हेड वाकलेले. सात वर्षांत कूलंट कोणी बदललेच नव्हते, कारण गाडी 'चाललीच नव्हती'. बेचाळीस हजारांचे बिल आले तेव्हा कर्जाचे चारच हप्ते भरून झाले होते. कोंकणीतले भांगर आणि मराठीतले भंगार यांत एका कान्याचे अंतर आहे, ते त्या दिवशी कळले.

उभ्या गाडीचे काय होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण गोव्यात अशा गाड्या ढिगाने आहेत. माणसे आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात, जहाजावर, गाडी पोर्चमध्ये. वर्षातून एक महिना चालते, अकरा महिने खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाते. इंजिनाच्या आतल्या भागांवर ऑइलचा जो पातळ थर असतो तो उभ्या गाडीत हळूहळू खाली निथळतो. हवेतला ओलावा सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचतो. सील आणि होज कडक होतात. उंदीर बॉनेटखाली घरटे करतात आणि वायरिंग कुरतडतात. माडाच्या सावलीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून बघा म्हणजे पटेल. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलला ते बाधते. ज्या यंत्राचा जन्मच फिरण्यासाठी झाला त्याला सोवळ्यात बसवून ठेवायचे, आणि वर त्याच सोवळ्याची किंमत वसूल करायची, असा हा धंदा आहे.

दुसरा देव म्हणजे 'डॉक्टरची गाडी'. एकहाती, डॉक्टरची, कमी चाललेली – हा मंत्र म्हटला की किंमत वीस हजारांनी चढते. डॉक्टरांविषयी मला आदर आहे, पण त्यांची गाडी घरापासून दवाखान्यापर्यंत दीड किलोमीटर जाते, दुपारी परत येते, संध्याकाळी पुन्हा तेच. इंजिनाची सर्वांत जास्त झीज होते ती थंड असताना. सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत ऑइल घट्ट असते, पेट्रोल जास्त जळते, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, आणि जळणातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन बसते. लांब प्रवासात ऑइल तापले की हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. दीड किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाही. म्हणजे वीस हजार किलोमीटरमध्ये त्या इंजिनाने किती वेळा थंड सुरुवात सोसली याचा हिशेब तुम्हीच करा. डॉक्टरच्या जागी शिक्षिका, बँक मॅनेजर किंवा 'बाईमाणसाने चालवलेली' असे काहीही घाला, हिशेब तोच राहतो. गाडीला मालकाची पदवी कळत नाही.

उलट औषध कंपनीच्या प्रतिनिधीची गाडी घ्या. मडगाव, म्हापसा, सावंतवाडी, बेळगाव, दर आठवड्याला तीच फेरी. आठ वर्षांत एक लाख तीस हजार किलोमीटर. जाहिरातीत हा आकडा दिसला की फोनच येत नाहीत. पण ते इंजिन बहुतेक वेळ गरम, एका लयीत, हमरस्त्यावर चाललेले असते. तो माणूस ऑइल वेळेवर बदलतो, कारण गाडी बंद पडली तर त्याचा दिवस बुडतो. साधा हिशेब करा. फोंड्याहून पणजीला नोकरीला येणारा माणूस रोज साठ किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर पंधरा हजार झाले. दहा वर्षांत दीड लाख. हा आकडा भयंकर नाही, एका सरळमार्गी नोकरदाराचे ते आयुष्य आहे. दहा वर्षांच्या गाडीवर पस्तीस हजार दिसले तर उलट भुवया उंचवायला हव्यात. एक तर ती उभी होती, नाही तर आकडा खोटा आहे.

आणि आकडा खोटा करणे आता पोरखेळ झाला आहे. पूर्वी मीटरची केबल सोडवून चाक उलटे फिरवावे लागे. आता छोटे उपकरण जोडले की डिजिटल आकडा हवा तसा लिहिता येतो. आमच्यासारख्या कारकुनाला मात्र एक फायदा आहे. फाइल वाचायची कशी, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. टिपणीवरची तारीख आणि आवक-जावक रजिस्टरमधली तारीख जुळत नसेल तर कोठे पाणी मुरते ते आम्हाला कळते. गाडीचे तसेच आहे. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा किलोमीटर लिहिलेला असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर नंबरावरून जुनी नोंद निघते. मालकाला बरोबर घेऊन जा आणि नोंद मागा. तो कां-कूं करू लागला तर उत्तर मिळाले म्हणून समजा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१६ ची 'वीस हजार' चाललेली गाडी आणि चारही टायर २०२२ चे असतील तर कुठे तरी काही तरी जुळत नाही. टायर केवळ वयाने जुने झाले म्हणून बदललेले असू शकतात हे खरे, पण तसे बदलल्याचे बिल दाखवा म्हणावे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड – हे सगळे साक्षीदार मीटरपेक्षा कमी खोटे बोलतात.

आता इंजिनाकडे येऊ. माझे म्हणणे असे की भरवशाचे इंजिन म्हणजे सर्वांत आधुनिक इंजिन नव्हे. जे इंजिन वर्षानुवर्षे त्याच स्वरूपात लाखोंनी बनले, ज्याच्या खोडी सगळ्या गॅरेजांना पाठ आहेत आणि ज्याचा सुटा भाग म्हापशाच्या दुकानात काउंटरवर मिळतो, ते इंजिन भरवशाचे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात गेली तेव्हा तिच्यात ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पण सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची फेरी तीच ठेवून, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, सहाऐवजी बारा व्हॉल्व्ह झाले आणि २००० सालापासून तेच घराणे ऑल्टोत नांदले. ऑल्टो ८०० बंद झाली २०२३ मध्ये. चाळीस वर्षे! या चाळीस वर्षांत पेडण्यापासून काणकोणपर्यंत असा एक तरी मेकॅनिक असेल काय, ज्याने ते इंजिन उघडलेले नाही? लोक त्याला 'पत्र्याचा डबा' म्हणून हसतात. डबा पत्र्याचा असेल, इंजिनाला हसू नका. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. त्यात टायमिंग बेल्ट असतो, आणि बेल्ट रबराचा असल्याने किलोमीटरने जितका म्हातारा होतो तितकाच वयानेही होतो. 'कमी चाललेल्या' गाडीत तो कधीच बदललेला नसतो, कारण मीटरप्रमाणे वेळच आलेली नसते. कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च हजारांतून दहा हजारांत जातो. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरायचे आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून घ्यायची.

पुढची पिढी साखळीची. मारुतीचे ९९८ सीसीचे के-टेन इंजिन २००८ मध्ये ए-स्टारमधून आले, २०१० मध्ये ऑल्टो के-टेन आणि वॅगन-आरमध्ये, २०१४ मध्ये सेलेरिओत. त्याचा थोरला भाऊ ११९७ सीसी, चार सिलिंडरचा. २००९ मध्ये रिट्झ, २०१० मध्ये स्विफ्ट. ह्युंदाईचे १.२ कप्पा २००८ पासून आय-टेनमध्ये आणि नंतर ग्रँड आय-टेनमध्ये. होंडाचे १.२ २००९ च्या जॅझमध्ये, मग ब्रिओ आणि अमेझमध्ये. टोयोटाचे १.२ २०११ पासून लिव्हामध्ये. या सगळ्यांत टायमिंगसाठी बेल्टऐवजी साखळी, टर्बो नाही, पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर सोडणारी साधी इंजेक्शन पद्धत. साखळीला ठरावीक मुदत नसते, पण तिला घाणेरडे ऑइल चालत नाही. ऑइल काळे गाळ होईपर्यंत वापरले की साखळी आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर दोघेही सैल होतात. म्हणून पुन्हा प्रश्न ऑइलचाच. तीन-साडेतीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर, म्हणजे दीड-दोन हजारांचा मामला. आमच्या शेजारचा एक निवृत्त मास्तर दर वर्षी चतुर्थीच्या आधी, माटोळीच्या सामानाबरोबर, ऑइल बदलतो. चालो वा न चालो. मला गाडी घ्यायची असेल तर मी त्या मास्तराच्या निवृत्तीची नव्हे, गाडीच्या निवृत्तीची वाट बघीन.

नावांच्या मोहाविषयी दोन शब्द. २०१९ मध्ये आलेल्या टोयोटा ग्लान्झाच्या बॉनेटखाली मारुती बलेनोचेच इंजिन आहे. 'टोयोटाचे इंजिन काय मजबूत!' म्हणून त्या गाडीला पंचवीस हजार जास्त देणारा गृहस्थ मी पाहिला आहे. इंजिन चांगलेच आहे, पण त्याची स्तुती चुकीच्या पत्त्यावर चालली होती. उलटे उदाहरण म्हणजे डॅटसन रेडी-गो. डॅटसन हे नाव २०२२ मध्ये बंद झाले म्हणून या गाडीला कोणी हात लावत नाही आणि ती स्वस्त जाते. पण तिचे ७९९ सीसीचे इंजिन रेनॉ क्विडचेच, दोन्ही गाड्या चेन्नईजवळच्या एकाच कारखान्यातल्या. इंजिनाच्या भागांचा प्रश्न येत नाही. दरवाजे, दिवे, बंपर यांसाठी मात्र धावपळ होते. शेवरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फोर्डच्या फ्रीस्टाइलमधल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. कल्पना हुशार आहे, पण चुकीचे किंवा शिळे ऑइल पडले तर बेल्टचे रबर झडून ऑइलच्या वाटा तुंबू शकतात, आणि हे काम करण्याचा सराव असलेले हात आपल्याकडे किती? मी ती गाडी वाईट म्हणत नाही. पगार कारकुनाचा असेल तर घेऊ नका, इतकेच म्हणतो. छोट्या टर्बो पेट्रोलचेही तेच. नवी असताना पिकअप झकास. सहा-सात वर्षांनी, तिसऱ्या हातात, गरम टर्बो आणि पहिल्या मालकाने वाचवलेले ऑइल यांचे भांडण आपल्या घरात मिटवावे लागते.

'किती चाललीय'नंतरचा दुसरा लाडका प्रश्न, 'ॲव्हरेज किती?' त्याचाही हिशेब मांडून बघा. एक गाडी लिटरला बावीस देते, दुसरी वीस. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला फरक पडतो सुमारे सत्तावीस लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी सत्तावीसशे रुपये, तेही वर्षाला. एवढ्यासाठी चार सिलिंडरचे शांत, मुरलेले इंजिन सोडून लोक दुसऱ्याच गाडीच्या मागे लागतात. त्यात आता पंपावर इथेनॉलचे वीस टक्के मिश्रण आले आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. मिश्रणाचा आराखडा सांगणाऱ्या नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. तेव्हा जुन्या जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा विसराच. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत इंधनाच्या संपर्कात येणारे रबर-प्लास्टिक या मिश्रणाला टिकेल असे आहे. त्याआधीची गाडी घेणार असाल तर टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप मेकॅनिककडून तपासून घ्या, मऊ पडलेले किंवा चिरलेले असतील तर बदला. फार खर्च नाही. पण बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर तो दुर्लक्ष करण्यासारखा वास नव्हे.

कोणी म्हणेल, इंजिन-इंजिन काय करता, त्या छोट्या गाड्यांत जिवाची सुरक्षितता कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या आपल्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, त्यांत ऑल्टो ८०० आणि आय-टेनही होत्या, आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. खिशाला झेपत असेल तर त्यानंतरची गाडी घ्या. घरातल्या माणसांसाठी तेवढे पैसे जास्त गेले तरी चालतील. पण सुरक्षिततेच्या नावाखाली दहा वर्षांपूर्वीची बुडालेल्या कंपनीची मोठी गाडी गळ्यात मारून घेऊ नका. चोर्ला घाटात रात्री बंद पडलेली गाडी, मग तिला तारे कितीही असोत, सुरक्षित नसते.

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि फोनवर आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर चहा पिऊन घरी या, किंवा दुसऱ्या दिवशी न सांगता जा. गरम इंजिन आपले सगळे रोग लपवते. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान तिथेच असू द्या. साखळी सैल असेल तर तेव्हाच खडखडते आणि ऑइलचा दाब आला की गप्प होते. मग सायलेन्सरच्या मागे उभे राहा. पावसाळ्यातल्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणारच, ती पाच मिनिटांत गेली पाहिजे. गेली नाही आणि तिला गोडसर वास असेल तर कूलंट जळते आहे. बराच वेळ आयडलिंगला ठेवून एकदम रेस दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेले. चढावर जोर देताना सतत निळा येत असेल तर रिंगा, म्हणजे मोठे काम. ऑइलचे झाकण उघडून आत दुधाच्या चहासारखी साय दिसली तर एक तर पाणी मिसळते आहे, नाही तर ती डॉक्टरची दीड किलोमीटरवाली गाडी आहे. कूलंटच्या बाटलीत हिरवे किंवा लाल स्वच्छ पाणी हवे. विहिरीचे पाणी ओतून ओतून तांबडे झालेले दिसले तर रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचे हेड, दोघांचीही चिंता करा.

किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा एकदा पेटून, सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दिवा मुद्दाम मारलेला असू शकतो. कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो, आणि तो लाल होतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो-थांबतो का बघा. नंतर तीन माणसे बसवून आल्तिनोचा चढ दुसऱ्या गिअरवर चढवा. पेट्रोल पंपावर जाऊन नवे पीयूसी काढा. त्यावरच्या शिक्क्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे वाचा, मर्यादा बाजूलाच छापलेली असते. मर्यादेच्या काठावर आलेले इंजिन नीट जळत नाही. आपल्या मेकॅनिकला बरोबर न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. आपण अडीच लाखांच्या गाडीसाठी पाचशे-हजार वाचवतो आणि भटजीला दक्षिणा देऊन पूजा मात्र थाटात करतो.

कागदांत आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनावर खोदलेल्या नंबराशी ताडून बघा. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून नोंद न केलेल्या गाड्या बाजारात असतात, आणि हस्तांतरणाच्या वेळी खिडकीपलीकडचा माझ्यासारखाच कोणी तरी ती फाइल परत करील. त्यात त्याची चूक नसेल. कितवा मालक आहे हे एम-परिवहनवर दिसते, एजंटाच्या 'एकहाती'वर जाऊ नका. केए-२२ किंवा एमएच-०७ ची स्वस्त मिळाली म्हणून हुरळण्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रस्ता कर किमतीत मिळवा. पंधरा वर्षे पूर्ण होत आली असतील तर नूतनीकरणही धरा. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले. कर्जावरची गाडी असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही आपल्यासमोर घ्या, कोऱ्या फॉर्मवर आधीच करून ठेवलेली नको.

आणि हे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, वाटलेच तर विचारा किती चाललीय ते.